तमाशा, डान्सबार आणि एचआयव्ही : दीडशे वर्षांत राहून गेलेली एक तपासणी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. तिशीच्या आसपासच्या एक बाई आत आल्या आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.) "छातीत धडधडते जी. जीव घाबरा होते. रातभर झोपच येत नाही." जुने कागद मागितले, तर पिशवीतून सात रिपोर्ट निघाले. एक ईसीजी, एक थायरॉईडचा आणि उरलेले पाचही एचआयव्हीचे. पाचही निगेटिव्ह.

"एवढ्या वेळा ही टेस्ट का केली?"

"काय काम करता म्हणून विचारतेत डॉक्टर. मी आर्केस्ट्रात नाचतो म्हणतलं की लगेच लिहून देतेत."

"आणि झोप कधीपासून येत नाही?"

"तीन वर्सं झाली असतीन."

म्हणजे तीन वर्षांत पाच वेळा त्यांचं रक्त काढलं गेलं, पण झोप का येत नाही हे कुणी विचारलं नाही. मला आधी राग आला. मग आठवलं, दहा वर्षांपूर्वी मीही बहुधा हेच केलं असतं. ही एकट्यादुकट्या डॉक्टरची चूक नाही, ही आमच्या व्यवसायाची फार जुनी सवय आहे. ती कुठून आली, हे सांगण्यासाठी आजचा लेख. नेहमीपेक्षा लांब आहे, सावकाश वाचा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नाचणं म्हणजे देहविक्री नव्हे. तमाशातल्या, आर्केस्ट्रातल्या, बारमधल्या अनेक बायका आयुष्यभर फक्त कला विकतात. आणि एचआयव्ही हा धंद्याने होणारा आजार नाहीच. तो बाधित व्यक्तीशी निरोधशिवाय आलेल्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून किंवा दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. एकत्र जेवल्याने, एका माठातलं पाणी प्यायल्याने, डास चावल्याने होत नाही. मग "जोखीम" हा शब्द या बायकांच्या मागे का लागतो? त्यांच्या कामाची वेळ, पैशांची तंगी, दारू पिऊन समोर बसलेला प्रेक्षक आणि नकार देण्याची कमी ताकद यांच्यामुळे लागतो. या गोष्टी कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाहीत.

छावणी आणि कापूस

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आजच्या परतवाड्याला तेव्हा एलिचपूरची लष्करी छावणी होती. सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत, ही इंग्रज सरकारची मोठी चिंता होती, कारण पलटणीतले कितीतरी शिपाई लढाईशिवायच खाटेवर पडत. त्यासाठी १८६४ साली छावण्यांसाठी कायदा झाला आणि १८६८ साली सांसर्गिक रोगांचा स्वतंत्र कायदा आला. छावणीच्या किंवा नेमलेल्या शहरांच्या हद्दीतल्या "तशा" बायकांनी सरकारात नाव नोंदवायचं आणि ठरावीक दिवशी शरीराची तपासणी करून घ्यायची. रोग दिसला की त्यांना "लॉक हॉस्पिटल" नावाच्या दवाखान्यात बंद केलं जाई. नाचगाण्यावर जगणाऱ्या कितीतरी बायका याच यादीत ओढल्या गेल्या, कारण साहेबाला गायिका, कलावंतीण आणि वेश्या यांतला फरक करण्याची गरज वाटत नव्हती.

शिपायांची मात्र अशी सक्तीची तपासणी नव्हती. डॉक्टर म्हणून मला या कायद्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य याच गोष्टीचं वाटतं. संसर्ग दोघांमध्ये होतो, हे त्या काळच्या वैद्यांना चांगलं माहीत होतं. सिफिलिसवर तेव्हा पारा देत. त्याने रोग जाण्यापेक्षा दात पडण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे बाईला कोंडायचं, पारा द्यायचा, सोडायचं आणि ती परत त्याच न तपासलेल्या पुरुषांकडे जाणार. अशाने साथ आटोक्यात येत नसते. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी असल्या कायद्यांविरुद्ध मोठी चळवळ केली. तिथला कायदा १८८६ साली आणि इथला १८८८ साली रद्द झाला.

कायदा गेला, पण नाचणारी बाई म्हणजे रोगाचं घर ही समजूत राहिली.

याच काळात वऱ्हाडात दुसरं एक वादळ आलं होतं, कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ भुसावळकडून रेल्वे आली, ती अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. अकोला, खामगाव, अमरावती इथे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. दिवाळीनंतर कापूस विकला की शेतकऱ्याच्या, अडत्याच्या, हमालाच्या हातात रोख पैसा येई, आणि रोख पैसा जिथे येतो तिथे करमणूक पोचतेच. आमच्या भागातले जुने लोक बहिरमच्या यात्रेची आठवण सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूरबाजार तालुक्यात, डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून महिनाभराहून जास्त चालणारी ही जत्रा. हंडीतलं मटण आणि रोडगे हे तिचं आजचं आकर्षण, पण एकेकाळी तिथे तमाशाचे फड लागत आणि लोक बैलगाड्या जुंपून मुक्कामाला जात. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा अशा जत्रांमध्ये हातात झाडू घेऊन फिरत. लोकांनी केलेली घाण ते उचलत आणि दारूवर, नवसाच्या बकऱ्यांवर रात्री कीर्तनातून कोरडे ओढत.

फडातली बाई

आता थोडं तमाशाविषयी. ढोलकी फडाचा तमाशा तंबूत होतो. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. संगीत बारी वेगळी. तिथे बायकांचाच संच असतो, बैठकीची लावणी असते आणि कलाकेंद्रात एकेका गटापुढे ती सादर होते. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. पावसाळ्याचे चार महिने काम नसतं. त्या महिन्यांत घर चालतं ते उचलीवर. पुढच्या हंगामाचे पैसे आधीच घेतलेले, त्यामुळे हंगाम सुरू होतो तेव्हा बाई कर्जातच उभी असते. आजारी पडली तरी सुट्टी नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि त्या बाईंच्या जिद्दीपुढे हात जोडावेतच. पण मी डॉक्टर आहे. मला त्या गोष्टीत धनुर्वाताचा धोका दिसतो, रक्तस्राव दिसतो, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मनावर येणारं मळभ दिसतं. त्या रात्री तंबूतल्या टाळ्या घेऊन त्या परत गेल्या तेव्हा त्यांना कसं वाटत होतं, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झालेली ही कलावंत जानेवारी २००२ मध्ये हलाखीतच गेली. दुःख लपवून हसत नाचणं हीच कला, अशी दाद आपण देत आलो. मग फडातली पोरगी डॉक्टरला "मला जगावंसं वाटत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगणार?

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. तो अश्लील झाला आहे, असं कारण दिलं. फडमालकांनी आणि कलावंतांनी दाद मागितल्यावर सुधारणेच्या अटींवर ती उठली. वऱ्हाड तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्यप्रांतात होता, त्यामुळे ही बंदी आपल्यापर्यंत आली नाही. पण त्या बंदीने जी पद्धत घालून दिली ती पुढेही चालली. प्रेक्षक, दारू, सावकार, मालक हे सगळे जागच्या जागी ठेवायचे आणि मधल्या बाईला उठवायचं.

या जगाविषयी एका डॉक्टरनेच लिहिलेलं पुस्तक आहे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं "कोल्हाट्याचं पोर", १९९४ साली प्रकाशित झालं. आई कोल्हाटी समाजातली, तमाशात नाचणारी. मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाला. वडिलांचं नाव मिळालं नाही म्हणून त्यांनी आईचं नाव लावलं. "चिरा उतरवणं" ही प्रथा या पुस्तकामुळे माझ्यासारख्या अनेकांना पहिल्यांदा समजली. मुलगी वयात आली की पैसे मोजून एक पुरुष तिचा "मालक" होतो. त्यानंतर ती नवरा नसलेली, पण बांधलेली बाई असते. मालक कंटाळला की निघून जातो आणि मुलं तिच्याजवळ राहतात. मेडिकलला आम्हाला सामाजिक वैद्यकशास्त्राचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक होतं. त्यात जे नव्हतं ते मला या लहानशा पुस्तकात मिळालं. डॉ. काळे २००७ साली अपघातात गेले, तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

"मालक" हा शब्द लक्षात ठेवा. एचआयव्हीच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

१९८६ नंतर

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या महिलांचे रक्तनमुने तपासले आणि त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले. शोध फार मोलाचा होता. पण पहिली बातमीच अशी आल्याने लोकांच्या मनात हा आजार "त्या बायकांचा" म्हणून बसला. १९९० साली मुंबईतल्या शेकडो तमिळ महिलांना रेल्वेने मद्रासला नेण्यात आलं. गाडीला नाव दिलं होतं "मुक्ती एक्स्प्रेस". तिकडे त्यांच्या एचआयव्ही तपासण्या झाल्या आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना सुधारगृहात डांबलं गेलं. लॉक हॉस्पिटल बंद होऊन शंभर वर्षं झाली होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईत देहविक्री करणाऱ्या महिलांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण निम्म्यावर गेलं. आमची इंटर्नशिप त्याच वर्षांतली. एका वॉर्डात पॉझिटिव्ह पेशंटच्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे आणि खाट मोरीजवळच्या कोपऱ्यात. राउंड तिथपर्यंत पोचेपर्यंत संपलेला असे. उपचार नव्हते हे खरं, पण दोन शब्द बोलायला उपचार लागत नव्हते. आमच्या भागातून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा. ट्रक, ढाबे, मुक्काम. आजार या रस्त्यानेही आला आणि ट्रकड्रायव्हरांच्या, मजुरांच्या बायकांपर्यंत पोचला. त्या बायका कधी कुठे नाचल्या नव्हत्या. त्यांना कुणी "जोखीम गट" म्हटलं नाही, म्हणून त्यांची तपासणी उशिरा झाली, अनेकींची तर नवरा गेल्यावर. बाईच्या कामाकडे बघून आजार शोधण्याच्या पद्धतीचं हे दुसरं नुकसान.

१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली, आणि त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या "संग्राम" संस्थेचं काम सुरू झालं. तिथे निरोध वाटण्याचं काम डॉक्टरांऐवजी वस्तीतल्या बायकांनीच हाती घेतलं. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, "वेश्या अन्याय मुक्ती परिषद". आपसात बोलणाऱ्या, एकमेकींच्या बाजूने पोलीस ठाण्यात जाणाऱ्या बायकांना निरोधशिवाय येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवता येतं. एकटीला ते जमत नाही, कारण तिला त्या रात्रीचं भाडं हवं असतं. कोलकात्याच्या सोनागाछीतही तेव्हा डॉ. स्मरजित जाना यांनी हेच करून दाखवलं. थायलंडने १९९१ साली देशभर नियम केला की निरोध वापरण्याची जबाबदारी धंद्याच्या मालकावरही राहील. त्या देशात नवे संसर्ग झपाट्याने उतरले.

नॅकोच्या कामात पुढे बारमध्ये नाचणाऱ्या, तमाशातल्या, मुजरा करणाऱ्या अशा महिलांचाही विचार झाला. पण इथे एक पेच आहे. योजनेचा लाभ घ्यायचा तर "मी देहविक्री करते" असं यादीत यावं लागतं. जी कलावंत आहे, जिने अडचणीच्या दोन-चार महिन्यांत कुणाचा तरी आसरा घेतला, ती या यादीत नाव का घालेल? ती यादीबाहेर राहते आणि खाजगी दवाखान्यात छातीची धडधड घेऊन येते.

बंदीची वर्षं

२००५ साली तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबारबंदी जाहीर केली. मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बारमधला नाच बंद झाला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. पाटील यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. घरातला कर्ता पुरुष बारमध्ये पैसे उडवतो म्हणून रडणाऱ्या बायका मीही पाहिल्या आहेत. पण काम गेलेल्या बायकांचा आकडा न्यायालयात ७५,००० सांगितला गेला. एसएनडीटी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने आणि महिला संघटनांनी त्या वर्षी केलेल्या पाहणीत दिसलं होतं की यातल्या बहुतेकींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं, आणि अनेकजणी पिढीजात नाचगाणं करणाऱ्या समाजांतून आल्या होत्या.

उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द केली. सरकार वर गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ जुलै २०१३ रोजी आला, तोही बायकांच्या बाजूने. काम गेल्यामुळे अनेकींना घर चालवण्यासाठी देहविक्रीकडे वळावं लागलं आणि कायद्याचा परिणाम उलटाच झाला, असं न्यायालयाने नमूद केलं. २०१४ साली परत बंदी, २०१६ साली नवा कायदा, १७ जानेवारी २०१९ रोजी त्यातल्या काही अटी रद्द. चौदा वर्षं हे चाललं. २००५ साली पंचविशीत असलेली बाई निकाल लागला तेव्हा चाळिशीला आली होती. नाचण्याचं वय गेलं होतं.

कंबोडियात जवळपास असंच घडलं. २००८ साली तिथे मानवी तस्करीविरोधी कायदा आला, वेश्यागृहं बंद झाली आणि बायका कराओके बार, बिअर गार्डन, मसाज पार्लर अशा ठिकाणी गेल्या. त्यांना तिथे "करमणूक क्षेत्रातल्या महिला" म्हणतात. आरोग्यसेविकांना ज्या बायका सापडत होत्या त्या आता विखुरल्या. पण तिथल्या संशोधकांनी एक चांगली गोष्ट केली. रक्तासोबत मनही तपासलं. मानसिक ताण आणि आत्महत्येचे विचार यांचं मोठं प्रमाण या महिलांमध्ये आढळलं. डान्सबार बंद झाल्यावर आपल्याकडच्या बायकांची अशी मोजदाद व्हायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मन आणि विषाणू

आता वैद्यकीय भाग. मन खचल्याने एचआयव्ही होत नाही. तो विषाणूनेच होतो. पण विषाणूला वाट मिळते ती माणसाच्या रोजच्या छोट्या छोट्या निर्णयांतून, आणि नैराश्य नेमकं त्या निर्णयांवर बसतं. रात्रीचं काम, दिवसा तंबूत झोप नाही. झोप नाही म्हणून दारू, किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी. दारू चढली की निरोधचा आग्रह सुटतो. आणि "माझं काय व्हायचं ते होवो" ही नैराश्याची नेहमीची भाषा. ज्याला उद्याची फिकीर नाही, तो उद्याच्या आजारापासून आज का जपेल?

त्यात तो "मालक" येतो. अनोळखी माणसाबरोबर निरोध वापरणाऱ्या बायका नेहमीच्या माणसाबरोबर वापरत नाहीत, हे जगभर दिसलं आहे. तिच्या लेखी तोच एक आधार. निरोध काढला तर त्याला वाटेल विश्वास नाही. तो गेला तर मुलांच्या शाळेची फी कोण भरणार? एकटेपणाची भीती इथे विषाणूच्या भीतीपेक्षा मोठी ठरते.

आजार झाल्यावरही मन महत्त्वाचंच. अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या ७६५ एचआयव्हीबाधित महिलांचा सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं नैराश्य सतत टिकून होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं. गोळ्या चुकणं हे याचं एक मोठं कारण असतं.

गोळ्यांचाही इतिहास आहे. १ एप्रिल २००४ पासून भारतात सरकारने मोफत एआरटी सुरू केली. ही फार मोठी गोष्ट, तिने लाखो जीव वाचवले. पण सुरुवातीच्या संचात स्टॅव्हुडीन होतं. त्याने काही जणांचे गाल बसत, हातापायांवरची चरबी जाऊन शिरा दिसत. शेतात काम करणाऱ्याला याचं वाईट वाटे, पण जिचं पोट चेहऱ्यावर आहे तिचं काम जाई आणि गुपितही फुटे. पुढे आलेल्या इफाव्हिरेंझने चक्कर, भयानक स्वप्नं, काहींना उदासी येई, म्हणून ती गोळी रात्री झोपताना घ्या असं आम्ही सांगत होतो. जिचं काम रात्री दहाला सुरू होतं आणि पहाटे संपतं, तिने ती कधी घ्यायची? एका फडातल्या बाईने मला हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गोळी चुकवत होत्या आणि मी त्यांना "बेफिकीर" समजत होतो.

आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली, दिवसातून एकच गोळी मिळते. ती सहसा चांगली सोसते. काहींची झोप उडते, त्यांना ती सकाळी घ्यायला सांगता येते. नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे पक्कं सिद्ध झालं आहे. आणि नैराश्यावरची औषधं एआरटीसोबत देता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं सांगा.

वाचकांपैकी कुणी या कामात असेल, किंवा तुमच्या ओळखीत असेल, तर या गोष्टी माहीत असू द्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. तुमचं काम नाचणं आहे, एवढ्यानं ती संमती गृहीत धरता येत नाही. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचा. जितकं लवकर तितकं बरं, कारण संसर्ग टाळणारी औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. एचआयव्हीविषयी फुकट माहिती १०९७ वर मिळते. मनाविषयी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. अमरावतीला इर्विनमध्ये आणि अकोल्याला सर्वोपचारमध्ये दोन्ही प्रकारचे डॉक्टर आहेत. पूर्वी मनाचा दवाखाना म्हटलं की आमच्या लोकांना नागपूरचं मनोरुग्णालयच आठवे आणि त्या नावानेच माणूस घरी बसे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटत राहिलं का? त्याला जेमतेम एक मिनिट लागतं.

त्या बाईंना मी हे दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याला त्या रडायला लागल्या आणि बराच वेळ रडल्या. थायरॉईड ठीक होतं, हृदय ठीक होतं. तीन वर्षांपूर्वी, लॉकडाऊननंतर, काम बंद असताना घेतलेलं कर्ज होतं, आणि सोडून गेलेला एक माणूस होता. औषध सुरू केलं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी झोप सुधारली, धडधड कमी झाली. सहाव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, मंडळ खानदेशात चाललं आहे, दोन महिने येणं होणार नाही. मी दोन महिन्यांची चिठ्ठी लिहिली, आणि गोळी रात्री नऊऐवजी सकाळी जेवणानंतर घ्यायला सांगितली. पाच रिपोर्ट त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवले होते. "हे ठिवू का फेकू जी?" मी म्हटलं, शेवटचा एक ठेवा.